चित्र आणि त्याची पार्श्वभूमी

(प्राथमिक शिक्षकांच्या वर्गापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राथमिक शाळेत चित्राचे स्थान काय आहे, हे शिक्षकवर्गास नव्याने सांगण्याचे कारण नाही. खेड्यातील शाळेच्या भिंतींवर जे तक्ते दिसतात, त्यांतील पुष्कळसे शिक्षकांनी स्वतःच्या हातांनी तयार केलेले असतात. जुन्या दिनदर्शिकेतील बैल, वर्तमानपत्रातील आगगाडी, जाहिरातीतील आंबा यांपैकी जे हाती लागेल ते कात्रीने कडेकडेने कापावे, खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवावे, पाठीमागे वाळूकागदाचा तुकडा लावावा आणि फलालीनच्या फळ्यावर मांडून पाठ घ्यावा, ही रीत शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे.

हेच काम आता संगणकावर व मोबाइलवर होऊ लागले आहे. छायाचित्रातील हवी ती वस्तू तिच्या पार्श्वभूमीतून वेगळी काढणे आणि ती दुसऱ्या चित्रावर अथवा कोऱ्या पृष्ठावर बसविणे, हे काम करणारी सॉफ्टवेअरे सहज उपलब्ध आहेत. त्यांतील काही विनामूल्य आहेत. ह्या कामाचा विचार दोन अंगांनी करणे अवश्य आहे. ते नीटनेटके कसे करावे, हे पहिले अंग. कापून टाकलेल्या पार्श्वभूमीबरोबर आणखी काय टाकले जाते आणि त्याची जाणीव मुलांना कशी द्यावी, हे दुसरे. पहिले अंग शिकण्यास दोन-तीन दिवसांचा सराव पुरतो. दुसऱ्याकडे मात्र शिक्षकाने वर्षभर लक्ष पुरविले पाहिजे.

१. कात्रीपासून संगणकापर्यंत

आकृती तिच्या परिसरातून सोडवून घेण्याची हौस फार जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्या कापून प्रकाशित पडद्यामागे नाचवीत आले आहेत. अठराव्या शतकात युरोपात काळ्या कागदातून माणसाच्या चेहऱ्याची एका बाजूची बाह्यरेषा कापून देणारे कारागीर होते. त्या छायाकृतींना फ्रान्सचा अर्थमंत्री एत्येन द सिलुएत याच्या नावावरून ‘सिलुएट’ असे नाव पडले.

छायाचित्रणाचा शोध लागल्यावर ही हौस छायाचित्रांतही शिरली. १८५७ साली ऑस्कर रेलँडर याने तीसहून अधिक काचेच्या प्रतिमा एकत्र छापून एकच मोठे चित्र सिद्ध केले. त्यातील सर्व माणसे एका वेळी एका जागी कधीच जमलेली नव्हती. पुढे चित्रपट आला. फ्रान्सचे जॉर्ज मेलिएस यांनी काळ्या पार्श्वभूमीपुढे पात्रे उभी करून एकाच फितीवर दोनदा चित्रण करण्याची युक्ती योजिली. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनीही पौराणिक कथांतील चमत्कार दाखविण्यासाठी कॅमेऱ्याच्या अशाच युक्त्यांचा उपयोग केला. १९४० साली पडद्यावर आलेल्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ ह्या रंगीत चित्रपटात निळ्या पडद्यापुढे पात्रांचे चित्रण करून तो निळा रंग तेवढा वगळण्याची रीत वापरली गेली. वार्ताप्रसारणात आज दिसणारा हिरवा पडदा हा तिचाच वारसा होय.

संगणकात चित्र उतरविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९५७ साली अमेरिकेत झाला. रसेल कर्श या शास्त्रज्ञाने आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात घेतले. त्याची लांबी व रुंदी प्रत्येकी १७६ बिंदूंची होती, म्हणजे सर्व मिळून ३०,९७६ बिंदू झाले. ह्या बिंदूलाच पिक्सेल म्हणतात. आजच्या मोबाइलने काढलेल्या साध्या छायाचित्रात एक कोटीहून अधिक बिंदू असू शकतात. टॉमस व जॉन नोल ह्या बंधूंनी तयार केलेले ‘फोटोशॉप’ १९९० साली विक्रीस आले, तर स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी आरंभिलेले ‘गिंप’ १९९६ साली लोकांपुढे आले. गिंप हे विनामूल्य व मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे शाळेच्या दृष्टीने त्याचा विचार प्रथम करणे योग्य ठरते.

२. कडेचा प्रश्न

कागदी चित्र कात्रीने कापताना कागदाचा प्रत्येक कण एक तर आत राहतो, नाही तर बाहेर जातो. संगणकातील चित्राचे तसे नाही, आणि ह्या कामाची सारी अडचण तेथेच आहे.

प्रत्येक बिंदूचा रंग तांबडा, हिरवा व निळा अशा तीन अंकांनी सांगितला जातो. सामान्यतः प्रत्येक अंक ० ते २५५ ह्या मर्यादेत असतो. वस्तूच्या अगदी कडेवरील बिंदू मात्र पुष्कळदा अर्धा वस्तूचा व अर्धा पार्श्वभूमीचा असतो. बैलाच्या शेपटीचा एखादा केस बिंदूहूनही बारीक असतो. त्या बिंदूत केसाचा काळेपणा व मागील भिंतीचा पांढरेपणा यांची सरमिसळ होते.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. केसाचा अंक ४० आणि भिंतीचा अंक २४० आहे असे धरावे. केसाने बिंदूचा निम्मा भाग व्यापला असेल, तर छायाचित्रात त्या बिंदूचा अंक १४० येईल. हा बिंदू जसाच्या तसा उचलून काळ्या फळ्याच्या चित्रावर ठेवला आणि फळ्याचा अंक २० असला, तर तेथे खरोखर ४० व २० यांची सरासरी म्हणजे ३० हा अंक यावयास हवा. पण बिंदू येतो तो १४० चा. त्यामुळे शेपटीभोवती पांढुरकी किनार उमटते. नवशिक्याने कापलेले चित्र ह्याच किनारीवरून तत्काळ ओळखू येते.

ह्यावर उपाय म्हणून प्रत्येक बिंदूला चौथा अंक देण्याची कल्पना निघाली. बिंदूचा किती भाग वस्तूचा आहे, हे तो अंक सांगतो. त्याला ‘अल्फा’ म्हणतात. अमेरिकेतील एड कॅटमल व ॲल्व्ही रे स्मिथ यांनी १९७० नंतरच्या दशकात ही कल्पना मांडली, आणि थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ साली अशी चित्रे एकमेकांवर बसविण्याचे गणित सुसंगतपणे लिहून दाखविले. अल्फा पूर्ण असेल तेथे वस्तू पूर्ण दिसते, शून्य असेल तेथे मागचे दृश्य पूर्ण दिसते आणि मधल्या ठिकाणी दोहोंचे प्रमाणशीर मिश्रण होते.

हे मिश्रण उलट दिशेने सोडविणे मात्र कठीण असते. छायाचित्रातील एका बिंदूवरून तीन अंक ज्ञात होतात. शोधावयाचे असतात सात : वस्तूच्या रंगाचे तीन, पार्श्वभूमीच्या रंगाचे तीन आणि अल्फाचा एक. तीन समीकरणांतून सात अज्ञाते निश्चित करता येत नाहीत, हे गणित शिकविणाऱ्यास सांगावयास नको. पार्श्वभूमीचा रंग आधीच ठाऊक असेल, तर अज्ञाते चारच उरतात. निळ्या किंवा हिरव्या पडद्याचा उपयोग तो ह्यासाठी. वस्तू व कॅमेरा मुळीच न हलविता दोन वेगवेगळ्या, ज्ञात रंगांच्या पडद्यांपुढे दोन छायाचित्रे घेतली, तर समीकरणे सहा व अज्ञाते चार होतात आणि उत्तर निश्चित मिळते. स्मिथ व ब्लिन यांनी १९९६ साली हे सिद्ध करून दाखविले.

ह्या गणितापासून शिक्षकाने घ्यावयाचा व्यावहारिक बोध असा की, कापण्याचे अर्धे काम छायाचित्र काढतानाच होते. तक्त्यासाठी मातीचे मडके, कणीस किंवा पान यांचे छायाचित्र हवे असल्यास मागे एकाच रंगाचा कागद अथवा सुरकुत्या नसलेले कापड लावावे. त्याचा रंग वस्तूच्या रंगाहून अगदी वेगळा असावा. हिरव्या पानामागे हिरवा कागद लावू नये, तांबड्या मडक्यामागे निळा लावावा. वस्तू कागदापासून हातभर पुढे ठेवावी, म्हणजे तिची सावली व कागदाच्या रंगाची झाक एकमेकांत मिसळणार नाही. प्रकाश सौम्य असावा. वर्गाच्या ओसरीवर सकाळी मिळतो तो उजेड ह्या कामास उत्तम.

३. प्रत्यक्ष कृती

प्रत्येक वेळी पार्श्वभूमी मनासारखी मिळतेच असे नाही. पाळीव प्राण्यांच्या पाठासाठी बैलाचे चित्र हवे आहे आणि हाती आलेल्या छायाचित्रात चुना लावलेल्या भिंतीपुढे पांढरा खिलार बैल उभा आहे, अशी कल्पना करावी. शिकाऊ माणसाला याहून चांगला धडा मिळावयाचा नाही.

गिंपमध्ये चित्र उघडल्यावर प्रथम त्या चित्राच्या थराची दुसरी प्रत करून घ्यावी. मूळ थराला हात लावू नये. प्रतीच्या थरास ‘ॲड अल्फा चॅनेल’ ह्या आज्ञेने पारदर्शकतेची सोय करून द्यावी. त्यानंतर निवडीचे साधन ठरवावे.

एकसारख्या रंगाचे क्षेत्र एका स्पर्शात निवडणारे ‘फझी सिलेक्ट’ हे साधन निळ्या आकाशापुढील नारळाच्या झाडास उपयोगी पडते. ह्या बैलास ते उपयोगी पडणार नाही. भिंतीवर टिचकी मारताच निवड बैलाच्या पाठीवर पसरते, कारण दोहोंचा रंग जवळजवळ एकच आहे. येथे ‘पाथ’ म्हणजे रेषामार्गाचे साधन घ्यावे. चित्र दुप्पट-चौपट मोठे करून बैलाच्या कडेने एकेक ठिपका देत जावे. जेथे कड वळते तेथे ठिपका देताना माऊस थोडा ओढला म्हणजे रेषा वळण घेते. वशिंडासारख्या सलग वळणावर थोडे ठिपके पुरतात, तर खुरांपाशी अधिक लागतात. रेषा कडेच्या किंचित आतून न्यावी. असे केल्याने भिंतीच्या रंगाची किनार आपोआप टळते.

मार्ग पूर्ण झाल्यावर त्यापासून निवड तयार करावी आणि ‘फेदर’ ह्या आज्ञेने तिची कड एक-दोन बिंदूंइतकी मऊ करावी. निवडीबाहेरचा भाग लगेच पुसून टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. पुसण्याऐवजी थरास ‘लेयर मास्क’ म्हणजे आच्छादन जोडावे. आच्छादनावर काळा रंग दिला की तो भाग झाकला जातो, पांढरा दिला की पुन्हा दिसू लागतो आणि करडा दिला की अर्धवट दिसतो. त्यामुळे चूक झाली तरी मूळ चित्राचा एकही बिंदू नष्ट होत नाही. वहीत शाईने गिरविण्याआधी शिसपेन्सिलीने लिहून पाहावे, तशीच ही व्यवस्था आहे.

आता राहिलेल्या बारकाव्यांकडे वळावे. पोटाखाली चार पायांच्या मधून मागील भिंतीचा जो तुकडा दिसतो, तो नवशिक्याकडून हमखास राहून जातो. बैलाच्या पायांत भिंत अडकून बसलेली दिसते ती यामुळे. शिंगांच्या मधली, तसेच वेसणीची दोरी व मान यांमधली जागाही मोकळी करावी. शेपटीच्या गोंड्याचे केस एकेक करून कापण्याच्या भरीस पडू नये. तेथे आच्छादनावर बारीक, मऊ कुंचल्याने अर्धवट छटा द्यावी. काम झाले असे वाटल्यावर बैलाच्या थराखाली एकदा गडद तांबडा आणि एकदा काळा रंग भरून पाहावा. पांढऱ्या पृष्ठावर न दिसणारी किनार तेथे उघडी पडते.

शेवटी मूळ काम गिंपच्या स्वतःच्या ‘एक्ससीएफ’ स्वरूपात साठवावे, म्हणजे सर्व थर शाबूत राहतात. तक्त्यासाठी ‘पीएनजी’ स्वरूपात दुसरी प्रत काढावी. ‘जेपेग’ स्वरूपात पारदर्शकता राहत नाही, त्यामुळे कापलेल्या बैलाच्या मागे पुन्हा एकरंगी चौकोन येतो. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्याने अनेकांची मेहनत वाया जाते.

४. यंत्राची निवड

येथे कोणी असे म्हणेल की, एवढा खटाटोप कशासाठी? आज मोबाइलवर चित्रातील माणसावर बोट दाबून धरले की तो आपोआप वेगळा होतो. ही गोष्ट खरी आहे. २००४ साली ‘ग्रॅबकट’ ह्या पद्धतीने वस्तूभोवती नुसता चौकोन आखून बाकीचे काम संगणकावर सोपविता येऊ लागले. त्यानंतर लाखो चित्रे व माणसांनी आखून दिलेल्या कडा यांवरून संगणकास शिकविण्याच्या पद्धती आल्या. २०२३ साली मेटा ह्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या अशा एका प्रणालीबरोबर सुमारे एक कोटी दहा लाख चित्रे आणि त्यांतील शंभर कोटींहून अधिक आकृतींच्या कडा उपलब्ध करून देण्यात आल्या.

ह्या सोयींचा लाभ घेण्यास हरकत नाही. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, चित्रातील मुख्य वस्तू कोणती, हे येथे यंत्र ठरविते. शेतकरी औत हाकीत असल्याचे चित्र दिले, तर यंत्र कदाचित शेतकऱ्यास उचलील आणि औत टाकून देईल. हातातील कासरा मध्येच तुटेल. कुबडी घेऊन उभ्या असलेल्या मुलाची कुबडी ‘पार्श्वभूमी’ ठरून नाहीशी होण्याचाही संभव असतो. पार्श्वभूमी हा कोणत्याही वस्तूचा अंगभूत गुण नव्हे. पाहणाऱ्याच्या हेतूप्रमाणे ती ठरते. बैलाच्या पाठात भिंत ही पार्श्वभूमी आहे, तर घरबांधणीच्या पाठात बैल ही पार्श्वभूमी होईल. हा निर्णय शिक्षकाने स्वतः करावा आणि यंत्राने केलेले काम तपासल्याशिवाय वर्गात नेऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पार्श्वभूमी काढून देणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर चित्र प्रथम दूरच्या संगणकाकडे पाठवावे लागते. बैलाचे चित्र पाठविण्यात काही बिघडत नाही. विद्यार्थ्याचे किंवा विद्यार्थिनीचे छायाचित्र मात्र अशा ठिकाणी कदापि पाठवू नये. एकदा बाहेर गेलेले चित्र परत आणण्याचा उपाय शाळेच्या हाती राहत नाही, आणि पार्श्वभूमीपासून सुटलेला चेहरा दुसऱ्या कोणत्याही चित्रावर बसविता येतो. मुलांच्या चित्रांवरील असे काम शाळेच्या संगणकावरच आणि पालकांची संमती घेऊनच करावे. मुलांची वैयक्तिक माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती हवी, हे तत्त्व आपल्या देशाच्या २०२३ च्या कायद्यानेही मान्य केले आहे.

५. पार्श्वभूमीबरोबर काय जाते

आता विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे वळावयाचे आहे.

वस्तू वेगळी काढल्याने मुलाचे लक्ष तिच्यावर एकाग्र होते, हा लाभ निःसंशय आहे. तथापि त्याबरोबर काही हानीही होते. मागील भिंत, शेजारी उभा माणूस, पायाखालची जमीन यांवरून बैलाचा आकार समजत होता. तो बैल व शेळी तक्त्यावर सारख्याच उंचीची छापली, तर ज्या मुलाने दोन्ही प्राणी पाहिले आहेत ते मनातल्या मनात दुरुस्ती करील. परंतु हत्ती व पाणघोडा, देवमासा व डॉल्फिन यांच्या बाबतीत त्याच्यापाशी दुरुस्तीचे साधन नाही. शेजारी माणसाची आकृती प्रमाणात दाखविणे, हा ह्यावरील सोपा उपाय होय. तसेच तक्ता झाल्यावर मूळ छायाचित्रही मुलांना एकदा दाखवावे. बैल कोठे उभा होता, ऋतू कोणता होता, सावली कोणीकडे पडली होती, हे त्यांना सांगू द्यावे.

चित्र जेव्हा साक्ष म्हणून पुढे येते, तेव्हा ही हानी अधिक मोठी होते. ह्याची तीन उदाहरणे जगाच्या परिचयाची आहेत.

१९१७ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात कॉटिंग्ली ह्या खेड्यात दोन मुलींनी ओढ्याकाठी पऱ्यांची छायाचित्रे घेतल्याचे सांगितले. एलसी राइट सोळा वर्षांची होती व तिची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स नऊ वर्षांची. शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे सर आर्थर कॉनन डॉइल यांनी ती चित्रे खरी मानून १९२० साली ‘स्ट्रँड’ मासिकात प्रसिद्ध केली. पुढे साठ वर्षांहून अधिक काळ वाद चालला. १९८३ साली वृद्ध झालेल्या त्या बहिणींनी कबूल केले की, एका पुस्तकातील आकृत्यांवरून चित्रे काढून ती कागदातून कापली होती आणि टोपीला लावण्याच्या टाचण्यांनी गवतात उभी केली होती. त्याच पुस्तकात डॉइल यांची स्वतःची एक कथा छापलेली होती. युक्तिवादात निष्णात असलेला लेखक दोन मुलींच्या कात्रीपुढे फसला, याचे कारण पऱ्या असाव्यात अशी त्याची मनापासून इच्छा होती. खोटे चित्र पाहणाऱ्याच्या अशा इच्छेचाच आधार घेते.

दुसरे उदाहरण रशियातील आहे. १९३७ साली मॉस्को येथील कालव्याच्या काठाने चालत असलेल्या स्टालिनच्या शेजारी गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह होता. पुढे त्याच्यावर सत्तेची गैरमर्जी झाली आणि १९४० साली त्यास गोळी घालण्यात आली. त्यानंतर त्याच छायाचित्राची जी प्रत प्रसिद्ध झाली, तीत येझोव्ह नाही. त्याच्या जागी कालव्याचे पाणी रंगविलेले आहे. येथे पार्श्वभूमी कायम राहिली आणि माणूस कापला गेला. ज्याने पहिली प्रत पाहिली नसेल, त्यास तेथे कोणी उभा होता असा संशयही येणार नाही.

तिसरे उदाहरण निरुपद्रवी हेतूने घडलेले आहे. १९८२ सालच्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर इजिप्तमधील गिझाच्या पिरॅमिडांचे चित्र छापले गेले. मूळ चित्र आडवे होते आणि मुखपृष्ठ उभे. म्हणून संगणकाच्या साहाय्याने दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविण्यात आले. कोणास फसविण्याचा उद्देश नव्हता, पृष्ठात चित्र बसविण्याचा होता. तरीही त्यावर मोठी टीका झाली, कारण वाचक ते चित्र साक्ष म्हणून पाहत होता. सजावटीसाठी केलेला फेरफार साक्षीच्या जागी आला की हेतू चांगला असूनही विश्वासास तडा जातो.

६. वर्गात घ्यावयाचा पाठ

खेड्यातील मुलांच्या घरी आज मोबाइल पोहोचला आहे. दिवसभरात अनेक चित्रे त्यावर येतात. कोणाच्या तोंडी कोणाचे चित्र बसविलेले असते, कोठला पूर कोठला म्हणून दाखविलेला असतो. ह्या चित्रांवरून गावात भांडणे व्हावीत आणि कोणाची अब्रू जावी, इतके सामर्थ्य त्यांत आहे. मुलाने चित्राकडे चिकित्सकपणे पाहावे, यासाठी सहावी-सातवीच्या वर्गात पुढील पाठ घेता येईल. त्यासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही.

प्रथम जुन्या वर्तमानपत्रांतील चित्रे, कात्री व खळ मुलांना द्यावी. प्रत्येक गटाने एका चित्रातील वस्तू कापून दुसऱ्या चित्रावर अशी चिकटवावी की ती तेथलीच वाटावी. नंतर गटांनी चित्रे अदलाबदल करून एकमेकांची चोरी शोधावी. शोधताना मुलांनी जे जे प्रश्न विचारले असतील, ते शिक्षकाने फळ्यावर लिहावेत. बहुधा पुढील प्रश्न त्यांना स्वतःलाच सुचतात :

(१) वस्तूची सावली इतर सावल्यांच्या दिशेने पडली आहे काय? मुळात सावली आहे काय?

(२) वस्तूवर उजेड ज्या बाजूने पडला आहे, त्याच बाजूने बाकीच्या चित्रावरही पडला आहे काय?

(३) वस्तू जितकी स्पष्ट आहे, तितकाच तिच्या आसपासचा भाग स्पष्ट आहे काय?

(४) कडेला परक्या रंगाची किनार दिसते काय?

(५) जवळच्या व दूरच्या वस्तूंचा आकार अंतराशी जुळतो काय?

ज्या मुलाने स्वतः एकदा कापून चिकटविले आहे, त्याच्या डोळ्यास दुसऱ्याची जोड लवकर दिसते. नुसत्या उपदेशाने हा डोळा तयार होत नाही.

ह्या पाच प्रश्नांवर मुलांनी सर्वस्वी विसंबून राहावे असे मात्र शिकवू नये. आजची सॉफ्टवेअरे सावली, उजेड व कड हे सर्व जुळवून देऊ शकतात आणि कोणत्याही छायाचित्राचा आधार नसलेले संपूर्ण चित्रही तयार करू शकतात. अशा ठिकाणी डोळा हार खातो. म्हणून सहावा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा समजावा : हे चित्र कोणी, कोठे, केव्हा काढले आणि ते आपल्यापर्यंत कोणामार्फत आले? ह्याचे उत्तर मिळत नसेल, तर ते चित्र पुढे पाठवू नये. वाट पाहण्याने कोणाचे नुकसान होत नाही. गावच्या पारावर ऐकलेली गोष्ट शहानिशा केल्यावाचून खरी मानू नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. तोच नियम चित्रास लावावयाचा आहे.

७. शिक्षकाने पाळावयाची पथ्ये

मुलांना हा पाठ देणाऱ्या शिक्षकाचे स्वतःचे आचरण त्यास धरून असले पाहिजे. शाळेच्या उपक्रमाचे छायाचित्र वरिष्ठांकडे पाठविताना गैरहजर मुले त्यात बसविणे, एका शाळेतील वृक्षारोपण दुसऱ्या शाळेच्या अहवालात दाखविणे, हे आज अगदी सोपे झाले आहे. अहवालातील छायाचित्र हे साक्षीचे चित्र आहे आणि त्यावर कात्री चालविणे म्हणजे खोटी साक्ष देणे होय. आपल्या शाळेचे चित्र बदललेले वर्गातील मुले पाहतात व ओळखतात. त्यानंतर सहावा प्रश्न त्यांना कोणत्या तोंडाने शिकवावयाचा?

एवढ्यासाठी पुढील चार नियम पाळावेत. कापलेल्या प्रत्येक चित्राचे मूळ जपून ठेवावे आणि दोहोंस एकच क्रमांक द्यावा. तक्त्याच्या कोपऱ्यात ‘छायाचित्रातून कापलेली आकृती’ अशी नोंद करावी आणि छायाचित्रकाराचे नाव ज्ञात असेल तर तेही लिहावे. चित्रे शक्यतो स्वतः काढलेली अथवा पुनर्वापराची परवानगी असलेली असावीत. विकिमीडिया कॉमन्सवर अशी असंख्य चित्रे त्यांच्या परवान्याच्या नोंदीसह मिळतात. अहवाल, बातमी व पुरावा यांसाठी वापरावयाच्या छायाचित्रांतून काहीही काढू नये व काहीही घालू नये.

खिलार बैलाच्या शेपटीचा एकेक केस जपणारी चिकाटी ज्या शिक्षकापाशी आहे, त्यास हे नियम जड वाटणार नाहीत. कापताना मागे काय राहिले याकडे तो स्वतः वळून पाहील आणि मुलांनाही तसे पाहावयास शिकवील. येत्या सत्रात प्रत्येक शाळेने असा एक तक्ता व असा एक पाठ तयार करावा. तक्त्याशेजारी त्याचे मूळ छायाचित्र टांगावे आणि कोणते कशातून आले, हे मुलांना आपल्या बोटाने दाखवू द्यावे.